वन्सं आणि जोड कार्ब्युरेटर

माझं आणि माझ्या नणंदेचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घ्यायला लागले की कुणी म्हणायला नको, ही म्हातारपणी मऊ पडली. मी मऊ पडलेली नाही. त्या तर जन्मात पडायच्या नाहीत.

वन्सं आमच्या ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, म्हणजे यंदा त्रेसष्टच्या. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर "हात कायम काळे, ते कुणाच्या हातात द्यायचे?" असं म्हणून मोकळ्या होतात. राहायला आमच्याच घरात, मागच्या खोलीत. सकाळी आठला निळा डगला अंगात चढवून आमच्या आधी गॅरेजात हजर. डगल्याच्या एका खिशात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्यात हातभर रबरी नळी. सासऱ्यांनी गॅरेज मुलाच्या नावावर केलं आणि विद्या मुलीच्या हातात दिली. अशी वाटणी करून ते सुटले. निस्तरत बसलो आम्ही.

ह्यांना काम येत नाही असं मी म्हणणार नाही, नवरा आहे माझा. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण जोड कार्ब्युरेटरची जुनी गाडी आत आली की ह्यांना नेमकं बाहेर काहीतरी काम आठवायचं. ती गाडी वन्संची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवतो तो कार्ब्युरेटर. साध्या गाडीला एक असतो. काही जुन्या गाड्यांना दोन असतात, शेजारी शेजारी. चार सिलिंडरांपैकी दोघांना हा वाढतो, दोघांना तो. दोघांनी सारखं वाढलं पाहिजे. एकाने हात आखडता घेतला की गाडी थरथरते, फटफटते, मध्येच बंद पडते. या दोघांना एका दांडीने एकमेकांशी बांधलेलं असतं. कच्चा मेकॅनिक ती दांडी तशीच ठेवून स्क्रू पिळत बसतो, मग एक नीट करावा तर दुसरा बिघडतो. वन्सं आधी दांडी सैल करतात. "आधी दोघांना वेगळं राहू द्यावं. आपापलं नीट जमलं की मग बांधावं," असं म्हणताना त्या एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे अशा बघायच्या, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दांडी सैल केली की नळी बाहेर यायची. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. हवा आत शिरते त्याचा सूंऽ असा आवाज येतो. दोन्हीकडे तो आवाज एकसारखा लागेपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टरीणबाई छाती तपासतायत. त्यांनी जुळवलेली गाडी उभी असताना चालू आहे की बंद, हे डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघून समजून घ्यावं लागायचं. एवढं श्रेय मी त्यांना तेव्हाही द्यायची. मनातल्या मनात.

दोन वर्षांपूर्वी वन्सं हाकेला ओ देईनाशा झाल्या. मला वाटलं, नेहमीचंच, मुद्दाम करतायत. मग एका दुपारी त्यांच्या पाठीमागे हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह धाडकन उडाला. शेजारचा टायरवाला हातातलं टाकून पळत आला. हे गाडीखालून सरपटत बाहेर निघाले. मी काउंटरखाली जाऊन बसले. वन्सं स्क्रू फिरवत होत्या. त्यांची मानसुद्धा वळली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा संपलाय, उजव्यात थोडं उरलंय. यंत्र दिलं. ते घालून वन्संनी गॅरेजात एक दिवस काढला आणि संध्याकाळी काढून माझ्या हातावर ठेवलं. "यात इंजिन डब्यात खडे घातल्यासारखं वाजतं," म्हणाल्या. "घरात घालीन. तुझी बडबड ऐकायला तेवढं पुरे." आणि पुन्हा कामाला लागल्या. काम तसंच चालू राहिलं, गाड्या तशाच जुळत राहिल्या, म्हणून आम्हीही विषय काढला नाही. गिऱ्हाइकांना तर पत्ताच नव्हता.

गेल्या महिन्यात मात्र तीन गाड्या परत आल्या. तिन्ही जोड कार्ब्युरेटरच्या, तिन्ही वन्संच्या हातच्या. उभ्या असताना गुणी बाळासारख्या, पण चढाला लागल्या की दम कोंडायचा आणि मागून काळा धूर. त्यातली एक दातांच्या डॉक्टरांची हिरवी गाडी. त्यांचं बायकोपेक्षा गाडीवर जास्त प्रेम आहे, असं त्यांची बायकोच सांगते. ती गाडी दोनदा परत आली.

दुसऱ्यांदा आली त्या सकाळी चहा घेताना हे मला म्हणाले, "ताईचे कान गेले म्हणजे ट्यूनिंगही गेलं. किती दिवस झाकणार? तिला तुझ्या जागी काउंटरला बसवतो. तू घरी आराम कर."

मी मान डोलावली. खरं सांगते, मला बरं वाटलं. तीस वर्षं ज्या बाईने माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली, तिच्या कामात एकदाची खोट निघाली होती.

गॅरेजात गेल्यावर हे वन्संच्या समोर उभे राहिले आणि घसा ताणून म्हणाले, "ताई, उद्यापासून तू काउंटर सांभाळ."

"ओरडू नकोस," वन्सं म्हणाल्या. "ओरडलास की तुझं तोंड वाकडं होतं आणि मला शब्द कळत नाहीत. सावकाश बोल."

ह्यांनी सावकाश सांगितलं.

"काउंटरवर फोन असतो. बहिऱ्या बाईला फोनवर बसवणार? हे डोकं तुझं की हिचं?" असं म्हणून माझ्याकडे बोट.

"मग घरी बस. जन्मभर राबलीस."

"कान गेलेत माझे. हात गेलेत का? कुठलं बोट कमी पडलंय ते दाखव."

"अगं, पण नळी ऐकतेस कशी तू?" हे कळवळून म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते काही दगड नाहीत.

वन्संनी ह्यांना डगल्याला धरून हिरव्या गाडीपाशी नेलं. इंजिन चालू केलं. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं ह्यांच्या वरच्या ओठाला लावलं. "काय वाटतंय?"

"ओढतंय."

"आता हा दुसरा."

"तेवढंच ओढतंय. जरासं कमी असेल."

"केसभर कमी. मी वर्षभर ओठानेच करतेय. तुला मिशीमुळे नीट कळायचं नाही."

मग इंजिनावर पाण्याची वाटी ठेवली आणि पाण्यावर उठणाऱ्या कड्या दाखवल्या. एक स्क्रू हलवला की कड्या फुटायच्या, परत आणला की गोल व्हायच्या. मडगार्डवर तळहात ठेवून म्हणाल्या, "हे एवढं सगळं बोलतंय. कान लागतात कुठे?"

मला हसू आलं. ते ह्यांना झोंबलं. त्यांनी कपाटातून नवीन खोकं काढलं. दोन काट्यांचं मीटर आणलं होतं, हवा किती शिरते ते आकड्यात सांगणारं. मलाही सांगितलं नव्हतं. "ओठ आणि वाट्या पुरे झाल्या," म्हणाले. "तीन गाड्या परत आल्यात, ताई. त्या काही खोटं बोलत नाहीत."

वन्संनी आपली हत्यारांची पेटी उचलून ह्यांच्या पायाशी ठेवली. "ही गाडी तू लाव. तुझ्या कानांनी, तुझ्या मीटरने. ती पाण्याच्या टाकीचा चढ चढली तर पेटी तुझी, मी परत बॉनेटला हात लावणार नाही. नाही चढली तर माझ्या कानांचं नाव या गॅरेजात कुणी काढायचं नाही."

"ठरलं," हे म्हणाले.

वन्सं बाजूच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या. चेहरा लाकडासारखा. ती पेटी त्यांना वडिलांनी दिली होती, त्या एकोणीस वर्षांच्या असताना. बाईमाणसाच्या हातात पाना बघून गिऱ्हाईक पळेल, असं तेव्हा सगळे म्हणत होते. गिऱ्हाईक पळालं नाही. पण ती पेटी हातातून गेली तर वन्संना दिवसभर करायला दुसरं काहीच नव्हतं, आणि त्या मागच्या खोलीत नुसत्या बसलेल्या मला डोळ्यांसमोर आणता येईनात. सकाळी वाटलेलं बरं जरा कमी झालं.

ह्यांनी अडीच तास घेतले. दांडी सैल केली, काटे जुळवले, पेट्रोल-हवेचं मिक्स्चर बघितलं, दांडी आवळली. काम चोख केलं, माझा नवरा मनात आणलं तर चोख करतो. मग दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडावर हवा गाळणारे एअर फिल्टर चढवले. गाडी कापसासारखी चालत होती. दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून आले आणि पुढे बसले. मी आणि वन्सं मागे. "तू चल," त्या मला म्हणाल्या. "हे दोघे काय बोलतात ते मला सांग. तीस वर्षं भांडून तुझं तोंड मला पाठ झालंय."

टाकीचा रस्ता पहिल्या वळणापर्यंत सरळ आहे, मग एकदम छाती काढून वर जातो. वळण घेतलं, ह्यांनी पाय दाबला आणि गाडीचा दम कोंडला. आचके देत अर्ध्या चढापर्यंत गेली. मागे वळून बघितलं तर काळा धूर. ह्यांनी गाडी कडेला घेतली.

मला आनंद झाला की भीती वाटली, ते अजून सांगता येणार नाही.

"डॉक्टर, इंजिनच थकलंय," हे म्हणाले. "कार्ब्युरेटरचा दोष नाही. आता एकच कार्ब्युरेटर बसवू, साधा. निदान चालेल तरी."

मी वन्संकडे वळून शब्द न् शब्द सांगितला. त्या दार उघडून खाली उतरल्या. "फिल्टर काढ," म्हणाल्या.

"त्याने काय होणार?"

"आपण कार्ब्युरेटर जुळवतो तेव्हा फिल्टर काढलेले असतात. तूही काढले होतेस, मीही काढते. तेव्हा गाडी नीट चालते. मग तू फिल्टर चढवतोस आणि चढावर बोंब होते. माझ्यानंतरही फिल्टर तूच चढवतोस. दर वेळी. काढ."

ह्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "काढा हो, दात तर नाही ना काढायचा."

फिल्टर डिकीत टाकून गाडी पुन्हा चढाला लावली. ती जी निघाली ती टाकीपाशीच थांबली. धूर नाही, आचका नाही, आवाज मात्र मोकळा, भसाभस. डॉक्टर पोरासारखे हसायला लागले. ह्यांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता.

टाकीच्या कठड्यावर वन्संनी फिल्टर मांडला आणि त्यावर चिकटून आलेलं पॅकिंग नखाने सोडवलं. पॅकिंग म्हणजे दोन धातूंच्या मध्ये बसवायचा जाड कागदाचा तुकडा. मधोमध मोठं भोक, दोन बाजूंना बोल्टची दोन. वन्संनी कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट फिरवलं. तिथे काठावर आणखी दोन बारीक भोकं होती, मुगाच्या दाण्याएवढी. त्यांनी पॅकिंग त्यावर धरलं. दोन्ही भोकं झाकली गेली.

"कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन वर उचलायला इथून हवा लागते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ही बुजवली की पिस्टन उचलत नाही. उभ्या गाडीत कळत नाही, चढावर जीव घुसमटतो." मग पॅकिंग उन्हात धरलं. "हे कुणी कापलं?"

आमच्या गॅरेजात या जुन्या गाड्यांची पॅकिंगं मी कापते. विकत मिळत नाहीत. काउंटरवर बसून, कात्रीने आणि भोकं पाडायच्या पंचाने, पुठ्ठ्याच्या साच्यावरून. जुना साचा तेलाने लिबलिबीत झाला होता म्हणून महिन्यापूर्वी मी नवा बनवला. जुन्यावर ती दोन बारीक भोकं होती, पण वेडीवाकडी, कडा झिजलेल्या. मला वाटलं, झुरळाने कुरतडलंय. मी नीटनेटकी बाई. ती गाळून साचा छान स्वच्छ केला आणि त्यावरून सहा पॅकिंगं कापून ठेवली. तीन गाड्यांची सहा.

हे माझ्याकडे बघत होते, डॉक्टर टाकीकडे. ह्यांनी ती कापली नव्हती हे वन्संना माहीत होतं, आणि तिसरं माणूस गॅरेजात नाही. तरी त्यांनी नाव घेतलं नाही, वाट बघितली.

"मी," मी म्हणाले. मग त्यांना नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा, त्यांच्याकडे तोंड करून, "मी कापलं, वन्सं. तिन्ही गाड्यांचं. मला वाटलं झुरळाने खाल्लंय."

मला वाटलं आता माझी धडगत नाही. वन्संनी माझ्या अंबाड्यातला आकडा उपसला, पॅकिंग कठड्यावर ठेवलं आणि त्याने दोन भोकं पाडली. मग दुसऱ्याला दोन. ह्यांनी फिल्टर बसवले.

"भोकं गाळलीस त्याचं काही नाही," वन्सं म्हणाल्या. "चूक होते. पण महिनाभर गाड्या परत येत होत्या आणि तुम्ही दोघं माझ्या कानांकडे बघत होतात. एकाने तरी पॅकिंगकडे बघायचं."

शरमेने मला मान वर करवेना. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द परत सुनावले असते, सवय आहे. हे सुनावण्यासारखं नव्हतं. त्या माझ्या जागी काउंटरला बसल्या असत्या, माझ्याच चुकीमुळे, आणि मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला आजही माफ करता येत नाही.

फिल्टरसकट गाडी खाली नेऊन पुन्हा वर आणली. चढ कुठे सुरू झाला ते कळलंसुद्धा नाही.

गॅरेजात परतल्यावर डॉक्टर गेले तसे ह्यांनी पेटी उचलून वन्संच्या जागेवर ठेवली. समोर उभं राहून, सावकाश, म्हणाले, "ताई, चुकलं माझं. तू कर काम. फक्त गिऱ्हाइकाला कळू द्यायला नको. कुणी काही विचारलं तर ही उत्तर देईल, आणि गाडी जायच्या आधी मी एकदा कान देऊन तपासत जाईन. लोकांचा विश्वास राहतो."

"का कळायला नको?" वन्सं म्हणाल्या. "चोरी केलीय मी?"

"तसं नाही गं..."

"तू माझ्या मागून तपासायचं, हिने माझ्या वतीने बोलायचं, आणि मी ऐकू येत असल्यासारखं माना हलवायच्या. दोन वर्षं हलवल्या. मान दुखली माझी."

बोलणं तिथेच थांबलं. हे समजले, ताईने ऐकलं. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजात आले तर वन्सं बाहेर, रस्त्याकडेच्या भिंतीशी स्टुलावर उभ्या. हातात ब्रश, आणि डबा ठेवायला जागा नाही म्हणून तो करंगळीला अडकवलेला. मी काही न विचारता डबा धरला. लाल रंगात, हातभर उंचीची अक्षरं. 'जोड कार्ब्युरेटर जुळवून मिळतील' ही ओळ झाली. त्याखाली 'मेकॅनिक बहिरी आहे' ही ओळ झाली. टायरवाला टायर सोडून बघत उभा राहिला. सायकलवरून जाणारी दोन माणसं थांबली. वन्सं खाली उतरल्या, स्टूल बाजूला केलं आणि तिसऱ्या ओळीसाठी वाकल्या. 'बोलायचं ते समोर' इतकं लिहून झालं तेवढ्यात हे आले.

ते आमच्या पाठीमागे उभे राहिले. वाचलं. चेहरा भिंतीवरच्या रंगाचा झाला.

"आत्ताच्या आत्ता पुसून टाक हे, ताई," ते म्हणाले. "लाज आहे का काही? अख्खं गाव हसेल आपल्याला. डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

वन्संनी ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला.

"पाठीमागून हे मलाच ऐकवताय," मी ह्यांना म्हणाले. "त्यांना सांगा. जा, समोर जाऊन सांगा."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी परक्या घरची आहे हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं. मग भिंत आणि वन्सं यांच्या मधल्या जागेत अंग चोरून शिरले आणि त्यांच्या समोर उभे राहिले. वन्संनी मान वर केली. कपाळावर लाल ठिपका उडालेला, डोळे ह्यांच्या ओठांवर, एकही शब्द सुटू नये असे लावलेले.

ह्यांनी तोंड उघडलं. पाठीमागून घडाघडा म्हटलेलं सगळं तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. लाज, गाव, डोकं. ते त्यांच्याच्याने तिथे उभं राहून म्हणवेना. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. रस्त्यावर आता पाच-सहा माणसं झाली होती.

"काही म्हणायचंय?" वन्संनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

"मग सरक. माझी ओळ अर्धी राहिलीय."